सायकल क्लबची हत्यारपेटी: सामायिक काय, ज्याचं त्याचं काय?

इंदूरच्या रामबागेत एकाच घरी सगळ्यांसाठी हत्यारांची पेटी ठेवू, ही सूचना मला अर्धीच पटली. टायर लिव्हर (टायर उचकटायची पट्टी), पॅच, पंप, ॲलन की (षटकोनी किल्ली) ज्याची त्यानेच बाळगावी. शहराबाहेर सिमरोलच्या घाटात पंक्चर झालं तर रामबागेतली पेटी काय कामाची? सामायिक घ्यायचं ते क्वचित लागणारं: कॅसेट (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच) उघडायचं लॉकरिंग टूल, तेव्हा चकत्या फिरू न देणारी चेन व्हिप, मोजक्या जोराने आवळणारा टॉर्क रेंच आणि मुख्य म्हणजे चेनची झीज मोजणारा चेन चेकर. चेकर येईपर्यंत स्टीलची मोजपट्टी चालेल. चेनची एक कडी अर्ध्या इंचाची, म्हणजे नव्या चेनच्या २४ कड्या बरोबर १२ इंच. पिनेच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजा; १/१६ इंच वाढ दिसली की चेन बदला, नाहीतर ती कॅसेटही खाते. (कॅसेटचे भाव बघितलेत ना?)

नवख्यांना दुरुस्ती शिकवण्याचं म्हणाल तर रविवारी राइडनंतर, पोहे-जलेबी आटोपल्यावर. जाणत्याने नुसतं सांगायचं, हात काळे नवख्याने करायचे. सुरुवात पेडलपासून करा. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, तरी लोक नेहमीच्या बाजूला जोर लावत बसतात आणि वर पान्याला शिव्या!

हत्यार नेणाऱ्याने नेताना ग्रुपवर फोटो टाकावा, परत देताना पुसून द्यावं. चेन व्हिप माझ्याकडे जादा आहे, ती पेटीत धरा.