आईचा क्षयरोग बरा झाला, मग बेडका अजून का पडतो?

गोदाकाठ, परभणी:
नमस्कार. माझ्या आईला 2011 साली क्षयरोग झाला होता आणि सहा महिन्यांचे औषध तिने एकही दिवस न चुकवता घेतले. खोकला मात्र गेला नाही. रोज सकाळी ती मोरीपाशी बसून अर्धा तास खोकते, तेव्हा अर्धा कप भरेल इतका घट्ट, पिवळसर बेडका पडतो. एका दवाखान्यात ‘क्षय उलटला’ असे सांगून, बेडका न तपासताच पुन्हा त्याच गोळ्या लिहून दिल्या. नंतर सीटी स्कॅनमध्ये ब्रॉन्किएक्टेसिस निघाला. हा आजार नेमका काय आहे आणि तो बरा होतो का?

श्वासमित्र, लातूर:
दादा, त्या गोळ्या बेडक्याच्या तपासणीशिवाय सुरू करू नका. क्षयाचे जंतू मेले तरी त्यांनी पोखरलेल्या श्वासनलिका कायमच्या रुंद आणि सैल राहतात; हाच ब्रॉन्किएक्टेसिस. एरवी नळ्यांतील बारीक केसांसारखे तंतू कफ वर ढकलत असतात. इथे तो साचतो, त्यात जंतू वाढतात, सूज येते, भिंत आणखी झिजते आणि पुन्हा कफ वाढतो. लेनेक या फ्रेंच वैद्याने 1819 मध्ये या आजाराचे वर्णन केले. लहानपणीचा न्यूमोनिया, गोवर किंवा डांग्या खोकला यांमुळेही तो होतो. आपल्या देशात मात्र जुना क्षय हे मोठे कारण आहे. रुंदावलेली नळी पूर्ववत होत नाही, पण रोज कफ काढला तर माणूस वर्षानुवर्षे बऱ्यापैकी जगतो. क्षयाच्या तपासणीसोबत बेडक्याचे कल्चरही करून घ्या, म्हणजे कोणते जंतू आहेत आणि कोणते प्रतिजैविक लागू पडेल हे कळेल.

पांढरी माती, बीड:
मी स्वतः नऊ वर्षे हा आजार काढतो आहे. फिजिओथेरपिस्टने शिकवलेली पद्धत सांगतो. आईंना ती प्रत्यक्ष शिकवून घ्या. आधी पोटाने सावकाश श्वास, मग तीन-चार खोल श्वास, प्रत्येक दोन-तीन सेकंद धरून, आणि शेवटी तोंड उघडे ठेवून चष्म्याच्या काचेवर वाफ सोडतो तसा ‘हाऽ’ करून जोरात उच्छ्वास. जेवणाआधी, सकाळ-संध्याकाळ, पंधरा-वीस मिनिटे. नुसते खोकून थकण्यापेक्षा याने कफ लवकर सुटतो. पऱ्हाट्यांच्या चुलीपुढे बसणे आणि सोयाबीनच्या मळणीचा भुसा मी बंद केला. आईंनाही तेवढे कराच.

श्वासमित्र, लातूर:
यात भर घालतो. कफ वाढला, हिरवा झाला किंवा ताप आला, तर डॉक्टर बहुधा चौदा दिवस प्रतिजैविक देतात. बरे वाटले म्हणून ते मध्येच सोडू नये. फ्लू आणि न्यूमोकोकस (न्यूमोनियाचा एक जंतू) यांच्या लसींबद्दलही विचारा. बेडक्यात रक्ताची रेघ दिसली तर डॉक्टरांना कळवा. वाटीभर रक्त पडू लागले तर क्षणाचाही उशीर न करता मोठे रुग्णालय गाठा.

गोदाकाठ, परभणी:
आपले आभार. आईने आज संध्याकाळी पहिल्यांदा ‘हाऽ’ करून पाहिले; चौथ्या वेळी कफ आला. उद्या कल्चरसाठी बेडका देणार आहोत.