फ्लाइट सिम्युलेटरसाठी जॉयस्टिक घ्यायलाच हवी का? गेमपॅड पुरत नाही का?

पाखरू (धागाकर्ता)
"सिम्युलेटर सुरू करायचाय, काय लागेल?" असं कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: आधी जॉयस्टिक घे. मला हे अजिबात पटत नाही. या एका सल्ल्यामुळे लोक सुरुवातच लांबणीवर टाकतात. घरात गेमपॅड असेल तर सेसना १७२ (एका इंजिनाचं छोटं विमान) व्यवस्थित उडवायला तो पुरतो, असं माझं ठाम मत आहे.

मुख्य तक्रार अशी की गेमपॅडवर नाक सारखं वरखाली होतं. पण कर्व्ह (स्टिक किती हलली की विमानाला किती हुकूम जाईल याचं सेटिंग) सरळ रेषेत असला तर अंगठा जरा हलताच एलिव्हेटर (नाक वरखाली करणारा शेपटीचा पट्टा) भसकन हलणारच. कर्व्ह मध्यभागी सपाट करा, निम्मा त्रास तिथेच संपतो. उरलेला निम्मा ट्रिमचा, म्हणजे ओढून न धरता नाक हवं तिथे ठेवणाऱ्या सोयीचा. उंची धरण्यासाठी स्टिक मागे ओढून बसायचंच नाही. ट्रिम वर-खालीची दोन बटणं अंगठ्याजवळ लावा, नाक हवं तिथे आणा आणि ट्रिम देत देत अंगठा सैल सोडा. खऱ्या सेसनातही वैमानिक योक (विमानाचं सुकाणू) ओढून धरत बसत नाही, ट्रिमचं चाक फिरवतो.

शिवाय उजव्या स्टिकने मान वळवता येते. फायनलला (उतरण्याआधीच्या शेवटच्या सरळ टप्प्याला) वळताना नजर पुढे नाही, बाजूच्या खिडकीतून धावपट्टीवर हवी असते. तिथे गेमपॅड फार सोयीचा पडतो.

डावी_खिडकी
ट्रिमबद्दल शंभर टक्के सहमत, बाकीशी नाही.

कर्व्ह सपाट केल्याने अडचण जात नाही, सरकते. अंगठ्याचा एकूण प्रवास तेवढाच राहतो, म्हणून मध्यभागी जे मऊ केलंत ते टोकाकडे तिखट होतं. त्यात डेडझोन, म्हणजे मध्याजवळचा भाग जिथे स्टिक हलवूनही काही होत नाही. एक्सइनपुटमध्ये (विंडोजची गेमपॅड वाचायची पद्धत) डाव्या स्टिकसाठी सुचवलेला डेडझोन ३२७६७ पैकी ७८४९ आहे, म्हणजे जवळजवळ पाव भाग. गेम तो कमी करू शकतो, पण मग स्टिक जुनी झाली की विमान आपोआप एका बाजूला ओढायला लागतं.

याचा फटका बसतो फ्लेअरला. धावपट्टी जवळ आली की नाक हळूच उचलायचं, वेग उतरत जाईल तसं आणखी थोडं, मग आणखी थोडं, आणि मधे कुठेही सोडायचं नाही. वेग कमी झाल्यावर एलिव्हेटर ढिला पडतो, त्यामुळे ओढ वाढवतच न्यावी लागते. हे वाढतं ओढणं नेमकं कर्व्हच्या तिखट भागात येतं. जरा जास्त झालं की विमान वर तरंगतं, घाबरून पुढे ढकललं की नाकाचं चाक आधी आपटतं. जॉयस्टिकला त्याच कामासाठी मूठ काही सेंटीमीटर सरकते. ती जागा हाताला कळते.

रनवे२७
थ्रॉटलबद्दल, म्हणजे इंजिनाच्या पॉवरबद्दल, कुणीच बोललं नाही. गेमपॅडवर बटण दाबून धरलं की पॉवर वाढते, सोडलं की थांबते. आत्ता किती आहे ते पाहायला नजर आरपीएमच्या (इंजिनाच्या फेऱ्यांच्या) काट्यावर न्यावी लागते. दांडा असेल तर हातालाच समजतं. साध्या जॉयस्टिकच्या बुडाशी असलेली छोटी पट्टीसुद्धा इथे उपयोगी पडते. फायनलवर नजर बाहेर हवी, यासाठी मी जॉयस्टिकच्या बाजूने.

पाखरू
@रनवे२७ हा मुद्दा मान्य, याला माझ्याकडे उत्तर नाही.

@डावी_खिडकी, तुमची तुलना मात्र खऱ्या योकशी आहे, साध्या जॉयस्टिकशी नाही. खऱ्या सेसनात ट्रिम दिल्यावर योक त्या जागी सैल होतो आणि वेगाप्रमाणे हाताला जड-हलका लागतो. स्प्रिंगच्या जॉयस्टिकला यातलं काहीच नाही, ती गेमपॅडसारखीच मध्यावर परत येते.

आणि रडरचं (नाक डावी-उजवीकडे नेणाऱ्या शेपटीच्या पट्ट्याचं) काय? साध्या जॉयस्टिकवर रडरसाठी मूठ पिळावी लागते. बाजूचा वारा असताना एक पंख वाऱ्याकडे झुकवायचा आणि रडर उलटा द्यायचा. पिळताना मनगट कलतं आणि एलेरॉनही (पंख झुकवणारा पट्टाही) हलतो. गेमपॅडवर रडर दोन ट्रिगरवर, बँक (पंख झुकवणं) अंगठ्यावर. दोन्ही कामं वेगळी राहतात.

खालचा_ढग
तुम्ही सगळे सेसनातच का अडकलात? एअरबसचं ए३२० हे प्रवासी विमान घ्या. तिथे खऱ्या विमानातही स्प्रिंगची साइडस्टिकच (बाजूला बसवलेली छोटी स्टिक) आहे. सोडली की मध्यावर येते आणि विमान होतं त्याच मार्गावर राहतं, ट्रिम आपोआप होतो. ऑटोथ्रस्ट (पॉवर आपोआप सांभाळणारी यंत्रणा) चालू असताना थ्रॉटलचे दांडे क्लाइंबच्या खाचेतच असतात, म्हणजे रनवे२७ यांची अडचणही राहत नाही. अशा विमानाला गेमपॅड छान जमतो.

हालचाल कमी म्हणजे नियंत्रण वाईट, हेही मला मान्य नाही. एफ-१६ या लढाऊ विमानाची स्टिक सुरुवातीला जवळजवळ हलतच नसे.

डावी_खिडकी
एफ-१६ चं उदाहरण तुमच्याच विरोधात जातं. ती स्टिक हाताचा जोर मोजते, तोही अख्ख्या हाताचा. आणि पुढे तिला थोडी हालचाल द्यावी लागलीच, कारण अजिबात न हलणाऱ्या स्टिकवर आपण किती जोर देतोय याचा वैमानिकांना अंदाज येईना. अंगठ्याच्या टोकावर तर जोरही नाही आणि अंतरही नाही.

ए३२० पण खाली येईपर्यंतच आपलं आपण सांभाळतं. ३० फुटांवर ते स्वतःहून नाक खाली न्यायला लागतं, मुद्दाम, वैमानिकाने नेहमीच्या विमानासारखी स्टिक मागे ओढावी म्हणून. म्हणजे शेवटी फ्लेअर तुमच्याच अंगठ्यावर.

कोरी_पाटी
मी अजून काहीच घेतलेलं नाही. गेमपॅड आहे. एवढंच सांगा, त्यावर शिकलो तर हाताला चुकीच्या सवयी लागतील का?

पाखरू
नाही. सर्किट (धावपट्टीभोवतीची फेरी) कसं उडवायचं, कुठे वळायचं, पॉवर कमी केल्यावर नाक का पडतं, वेग कसा सांभाळायचा, हे सगळं डोक्यात बसतं. ते कुठल्याही उपकरणावर तुमच्याबरोबर येतं. आजच सुरू करा.

डावी_खिडकी
सुरू करा, पण एक सवय नक्की लागते, स्टिक टिचक्या मारून चालवायची. गेमपॅडवर मलाही तसंच करणारे दिसतात: टक, टक, टक. विमानाला दाब देऊन तो धरायचा असतो. जॉयस्टिकवर आल्यावर हे मोडायला वेळ जातो. म्हणून मी म्हणेन, लँडिंग शिकायच्या आधी बदला.

फिरती_पाती
हेलिकॉप्टर उडवायची इच्छा असेल तर गेमपॅडचा विचारही करू नका. हॉवर (हवेत एका जागी तरंगणं) म्हणजे सायक्लिक (पुढे-मागे-बाजूला नेणारी स्टिक), कलेक्टिव्ह (वर-खाली नेणारा दांडा) आणि पॅडल (नाक वळवणारं) तिन्ही एकाच वेळी, अखंड, बारीक बारीक. कलेक्टिव्ह वाढवलं की टॉर्क (हेलिकॉप्टरला गोल फिरवू पाहणारा जोर) बदलतो, लगेच पॅडल हवं, पॅडल दिलं की पुन्हा सायक्लिक. कलेक्टिव्ह जिथे सोडाल तिथेच राहायला हवं, आणि गेमपॅडची एकही स्टिक सोडलेल्या जागी राहत नाही. बटणांवर लावलं तर टप्प्याटप्प्याने हलतं, मग हेलिकॉप्टर वरखाली हिंदकळतं. इथे निदान सरकता थ्रॉटल तरी हवाच.

पाखरू
हेलिकॉप्टरला माझा विरोध नाही, धागा सेसनाचा आहे. @कोरी_पाटी, कर्व्हचे आकडे हवे असतील तर तुमचा सिम्युलेटर कोणता ते लिहा, एलिव्हेटर, एलेरॉन आणि रडर तिन्हींसाठी वेगवेगळे देतो. @डावी_खिडकी, टिचक्यांचं कारण मला अजूनही न दिलेला ट्रिमच वाटतो.