कोकोबोलोच्या भुशानं डोळे सुजायलेत, लेथ बंद करू का? सल्ला द्या

लेथवाला_लातूर
राम राम मंडळी. नोकरी सांभाळून घरामागच्या पत्र्याच्या शेडात लेथवर पेनं, लाटणी, रव्या, चाकूच्या मुठी असलं करतो. ५-६ वर्षं झाली, सागवान, शिसव, बाभूळ, चिंच सगळं कातलं, शिंका सोडल्या तर कधी काही नाही. फेब्रुवारीत ऑनलाइन कोकोबोलोचे तुकडे मागवले, नारिंगी भुगा पडतो, वास बी गोडसर, पॉलिश न करताच चमकतं, लैच भारी लाकूड. पहिली तीन पेनं केली, काहीच झालं नाही. चौथं रविवारी केलं, सोमवारी ठीक, अन् मंगळवारी सकाळी उठलो तर पापण्या एवढ्या सुजलेल्या की पोरगं भ्यालं. मान, कोपराची लवण अन् घड्याळाच्या पट्ट्याखाली बारीक पुरळ, खाज अशी की रात्री उठून बसायचो. मेडिकलवाल्यानं एक ट्यूब दिली, दोन दिवसांत उतरलं म्हणून परत लागलो कामाला तर या वेळी दुप्पट, अन् ते बी थोडंसंच घासलं होतं. आता सांगा, मास्क कोणता घेऊ, का हे लाकूड सोडलं की भागलं? जवळपास टेस्ट कुठं होते? शेडात कूलर आहे, तरी एप्रिलात अंगाला बनियन चिकटतो, फुल बाह्यांचा शर्ट घाला म्हणू नका.

जुना_रंधा
४० वर्षं सुतारकाम करतो, तोंडाला पंचा बांधायचा, अंगाला खोबरेल तेल लावायचं, विषय संपला. हे परदेशी लाकडाचे नखरे आहेत. हळूहळू सवय होते.

कातारी_नांदेड
रंधा काका, तुमच्या हाताला मान आहे पण सवय होते हे नका सांगू, याच्यात उलटं असतं. लातूरवाले दादा, तुम्ही बिबा उतलेला माणूस बघितला असंल. पहिल्यांदा काही होत नाही अन् एकदा शरीरानं ओळख धरली की नुसत्या डागानं बी फोड. ही तीच जात. पहिली तीन पेनं शरीर ओळख धरत होतं, चौथ्याला भांडायला उठलं. म्हणूनच थोडं घासून दुप्पट झालं.

दुसरं, नखरे परदेशी नाहीत. कोकोबोलो मेक्सिको ते पनामा तिकडचं, पण कूळ डालबर्जिया, म्हणजे आपल्या शिसवीचंच चुलत भावंड. क्लॅरिनेट ज्याचं करतात ते आफ्रिकन ब्लॅकवूड बी त्यातलंच. या लाकडांच्या आतल्या गाभ्यात क्विनोन जातीची द्रव्यं असतात, किडीपासून झाड वाचवायला, तीच आपल्या कातडीला बाधतात. सागवानात बी असलं द्रव्य आहे, आमच्या किनवटकडं आरा मशीनवरची काही पोरं सागाचं नाव काढलं की हात खाजवतात. मी स्वतः पखवाजाची खोडं कातायचो, शिसवीची. अकरा वर्षं काही नाही अन् एका आषाढीच्या आधी, ऑर्डरी तुंबलेल्या, मान सगळी भाजल्यासारखी. मी एका शिसवीवरून दुसऱ्या शिसवीवर गेलो, सहा महिने वाया गेले. तर कोकोबोलो सोडून शिसवी कातली तर सुटाल असं धरून चालू नका.

अन् खोबरेल तेल अजिबात नको. ही द्रव्यं तेलात विरघळतात, तेलकट कातडीला भुगा चिकटून बसतो. घामाचं बी तेच, म्हणून तुमच्या घड्याळाखाली अन् कोपरात आलंय.

ओपीडी_अंबाजोगाई
त्वचाविभागात काम करते, पण समोर न बघता औषध सांगणार नाही. तीनच गोष्टी. मेडिकलवरून मिळालेल्या ट्यूबवर क्लोबेटासोल लिहिलंय का बघा, ते जोरदार स्टेरॉइड आहे, पापणीवर रोज लावलं तर कातडी पातळ होते आणि डोळ्यातला दाब वाढू शकतो. ते आजच थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. दुसरं, एक-दोन दिवसांनी उठतं हीच या ॲलर्जीची खूण, म्हणून लोकांना कारण सापडत नाही, आदल्या दिवशी खाल्लेल्या वांग्याला दोष देतात. टेस्टला पॅच टेस्ट म्हणतात, पाठीवर पट्ट्या लावून ४८ तासांनी काढतात आणि एक-दोन दिवसांनी परत बघतात. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर निकाल फसतो. घरी भुगा चोळून टेस्ट करू नका, त्यानंच नवी ॲलर्जी लागू शकते. पेनांना रेझिन ओतता का? इपॉक्सी आणि त्याचं हार्डनर यांचीही हीच ॲलर्जी येते, तेही तपासून घ्या.

आणि रात्री खोकला किंवा छातीत शिट्टी वाजते का, सुट्टीच्या दिवशी बरं वाटतं का? तसं असेल तर छातीच्या डॉक्टरकडे जा, श्वासाचा जोर मोजायचं नळकांडं मिळतं, कामाचे दिवस आणि सुट्टी दोन्हीची नोंद ठेवायला सांगतात. ओठ-जीभ सुजली तर धाग्यावर विचारत बसू नका, थेट कॅज्युअल्टी.

धूळखाऊ_जालना
मास्कच्या आधी तो कूलर! कूलर भुशावर मारतोय म्हणजे भुगा शेडभर उडतोय अन् मग तासभर तुमच्या नाकात. डोळ्याला दिसतो तो भुगा खाली पडतो, न दिसणारा हवेत तरंगतो, तोच बाधतो. कूलर बाजूला लावा, वारं एका कुशीकडून येऊन दुसऱ्या कुशीकडच्या एक्झॉस्टनं बाहेर जावं. पाठीमागून वारं घेऊ नका, छातीपुढं भोवरा होऊन भुगा तोंडावरच फिरतो. लेथच्या मागं व्हॅक्युमचं तोंड अगदी जवळ ठेवा, घासताना तर हवंच, कापण्यापेक्षा पॉलिशपेपरची धूळ जास्त बारीक. साध्या घरगुती व्हॅक्युमला हेपा, म्हणजे बारीक धूळ अडवणारा फिल्टर, नसंल तर तो बारीक भुगा मागून परत सोडतो, त्याची नळी बाहेर काढा. झाडू अन् ब्लोअर बंद, ओल्या फडक्यानं पुसा.

मास्क म्हणाल तर पंच्यानं बारीक भुगा अडत नाही. एन-९५ किंवा एफएफपी-२ चालतो, रोजचं काम असंल तर रबरी अर्धा मास्क अन् पी-१०० फिल्टर. दाढी असंल तर तो बसत नाही, फटीतून सगळं आत जातं. अन् हे फिल्टर धुळीचे, पीयू पॉलिशच्या वासाला वेगळे लागतात. काका, लाकडाच्या भुशाला १९९५ सालीच कॅन्सरकारक यादीत घातलंय, नाकाच्या पोकळीचा, तेव्हा देशी का परदेशी हा वादच नाही.

परभणीची_सून
काम झालं की लगेच अंघोळ करा, आधी हात धुवून मगच डोळ्याला लावा. अन् कपडे कोण धुतं?

लेथवाला_लातूर
ताई, लातूरला लगेच अंघोळ म्हणता? २०१६ ला आमच्याकडं रेल्वेनं पाणी आलं होतं, नळ आजबी वाट बघायला लावतो. पण कपड्यांचं वाचून गप्प बसलो. आमच्या मंडळींच्या मनगटावर पंधरा दिवसांपासून पुरळ आहे, आम्ही साबण बदलून बघायलो होतो.

लेथवाला_लातूर
(जुलैत लिहितोय) टेस्ट झाली. उन्हाळ्यात पट्ट्या घामानं निघतात म्हणून मॅडमनी पाऊस पडल्यावर बोलावलं. लाकडांचे तुकडे नावं लिहून नेले होते, चार दिवस पाठीला पाणी नाही. कोकोबोलो तर आलंच, त्याचा चौकोन फोडासकट, अन् शिसव बी. सागवान, चिंच, बाभूळ नाही. रेझिन बी नाही, तेवढं नशीब. नांदेडवाले, तुमचं ऐकलं नसतं तर मी शिसवीवरच गेलो असतो. आता शेडात कामाचे कपडे वेगळे, तिथंच झटकायचे अन् वेगळ्या बादलीत मीच धुतो, मंडळींचं मनगट साफ झालं. कूलर बाजूला घेतला, नळी पत्र्याला भोक पाडून बाहेर काढली, शेजारच्यांनी कुंपणावर भुगा बघून विचारलं तेव्हा तिच्या तोंडाला पोतं बांधलं. उरलेले सात तुकडे प्लास्टिकात गुंडाळून माळ्यावर आहेत, विकू वाटंना.

जुना_रंधा
मागं बोललो ते असू द्या. माझ्या धाकट्याला बी चार महिन्यांपासून शिंका आहेत, ते रबरी मास्क कितीला बसतं? अन् शिसवीची लाटणी करत होता ना, एक पाहिजे होतं.

लेथवाला_लातूर
काका, शिसवीची बंद. बाभळीची आहेत, घरी या, मास्क बी घालून बघा धाकट्याला घेऊन. दाढी करून आणा त्याला.