पोलिसांची मोटरसायकल, चालायचा रस्ता आणि बाबांची काठी

पायीपायी:
नमस्कार. जरा सविस्तर लिहिते, कारण राग अजून उतरलेला नाही.

परवा संध्याकाळी बाबांना घेऊन फिरायला गेले होते. रस्ता फक्त चालणाऱ्यांचा, वाहनांना बंदी असलेला. बाबा ७८ वर्षांचे, हातात काठी, कानात यंत्र. सायरन ऐकू आला, पण कुठून येतोय ते काही केल्या कळेना. दोन्ही बाजूंना उंच इमारती, त्यामुळे आवाज चहूकडून येत होता. तेवढ्यात पोलिसाची मोटरसायकल सुसाट पुढून गेली. सगळे बाजूला झाले, आम्हीही थांबलो. ती गेली म्हणून बाबांनी पाऊल पुढे टाकलं आणि दुसरी आली.

बाबांना लागलं नाही. काठी मात्र उडाली, गरगरत बाकाखाली गेली. तिच्या टोकाचं रबरी बूच तर सापडलंच नाही. स्वार थांबला नाही. त्याला कळलं तरी असेल की नाही, देव जाणे.

घरी भाऊ म्हणतो, "अगं, ते काय आपल्यासारखे चालवतात का? शिकून आलेले असतात." माझी पंचाईत इथेच आहे. या स्वारांची प्रात्यक्षिकं मी स्वतः पाहिली आहेत. एवढी अवजड गाडी, मांडून ठेवलेल्या कोनांमधून पाय न टेकता, माणूस चालतो त्या वेगाने आठचा आकडा काढत नेतात. हॅन्डल पार टोकाला वळलेलं. मी उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या. मग एवढं कसब असेल तर गर्दीतला तो वेग त्यांच्यापुरता सुरक्षित धरायचा का? की भाऊच चुकतोय?

टवाळखोर:
चोर पळत असताना पोलिसांनी काय सायकलवरून जायचं का ताई? उद्या तुमच्या घरी चोरी झाली की तुम्हीच विचाराल, इतका उशीर का झाला म्हणून.

गणितमास्तर:
भावाला एवढा हिशेब दाखवा. ताशी ३० म्हणजे सेकंदाला ८.३ मीटर, ताशी ६० म्हणजे १६.७ मीटर. माणूस दिसल्यापासून हात-पाय ब्रेकवर जाईपर्यंत तुमच्याआमच्यासारख्याला साधारण एक सेकंद लागतो. स्वार तरबेज आहे म्हणून आपण त्याला ०.७ सेकंदच देऊ. रस्ता कोरडा, ब्रेक उत्तम.

ताशी ३० ने जाणारी गाडी ब्रेक लागायच्या आधी ६ मीटर जाईल आणि ब्रेक लागल्यावर आणखी ५ मीटरमध्ये उभी राहील. म्हणजे सगळे मिळून ११ मीटर. आता ६० वाली बघा. त्या ११ मीटरच्या खुणेवर तिचा ब्रेक अजून लागलेलाच नसतो! जिथे पहिली गाडी थांबते, तिथून दुसरी पूर्ण ६० च्या वेगाने पुढे जाते. तिला थांबायला एकूण ३१-३२ मीटर लागतात. वेग दुप्पट झाला की गाडीतली ऊर्जा चौपट होते, तिथे प्रशिक्षणाची मात्रा चालत नाही.

फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोमला रस्ता सुरक्षेची जागतिक परिषद झाली. चालणारे आणि वाहनं जिथे एकत्र येतात तिथे कमाल वेग ताशी ३० ठेवावा, असं तिच्या जाहीरनाम्यात आहे. तेही ज्या रस्त्यांवर वाहनं चालतात त्यांच्याबद्दल. तुमच्या रस्त्यावर तर वाहनच नको.

निळा दिवा:
बरीच वर्षं याच गाड्या चालवल्या आणि पुढे शिकवल्याही. आता निवृत्त आहे. तुमच्या बाबांना सांगा, चूक त्यांची नव्हती.

आधी तुमच्या टाळ्यांबद्दल. त्या योग्य जागी पडल्या. अडीचशे-तीनशे किलोची गाडी वेगात असली की स्वतःच स्वतःला सावरते. शेंबडं पोरही सरळ रस्त्यावर शंभरने नेईल. खरी परीक्षा हळू चालवण्यात. अर्धा क्लच धरून ठेवायचा, रेस एकसारखी, मागच्या ब्रेकवर हलका पाय, आणि मान जिथे जायचंय तिकडे पूर्ण वळवलेली. पुढच्या ब्रेकला हॅन्डल वळलेलं असताना हात लावलात की गाडी आडवी. पहिल्या आठवड्यात माझी दिवसातून सहा-सात वेळा पडायची, आणि दर वेळी एकट्याने उचलायची हा नियम. कंबरेला अजून आठवतंय. नवा मुलगा समोरच्या कोनाकडे बघत बसतो, म्हणून नेमका त्याच कोनावर जातो. जिकडे नजर तिकडे गाडी, हे डोक्यात भिनायला दिवस लागतात.

आता हे कसब गर्दीत कशासाठी असतं? हळू जाता यावं म्हणून! पाय न टेकता, तोल न जाता, माणसांच्या चालीने वाट काढता यावी म्हणून ते कोन मांडतात. जो गर्दीत ६० ने जातो तो ते कसब वापरतच नाही. त्या वेगात वळायची रीतही वेगळी. उजवीकडे जायचं तर हॅन्डलची उजवी बाजू पुढे ढकलावी लागते, मग गाडी कलते, मग वळते. याला वेळ लागतो आणि जागा लागते, आणि तुमच्या रस्त्यावर दोन्ही नसतात. त्यात फरसबंदी गुळगुळीत, गटाराचं झाकण ओलं. पुढच्या चाकाची पकड सुटली तर वीस वर्षांचा अनुभव आणि वीस दिवसांचा अनुभव सारखाच घसरतो.

दुसऱ्या गाडीबद्दल मात्र मला जास्त बोलायचं आहे, कारण तुमच्याकडे घडलं ते आम्ही वर्गात फळ्यावर काढून दाखवायचो. पहिली गाडी गेली की लोकांचा जीव भांड्यात पडतो आणि ते पाऊल टाकतात. मोकळा झालेला रस्ता पहिल्याचा असतो, दुसऱ्याला तो उसना मिळालेला असतो. म्हणून मागच्याने अंतर राखायचं, सायरनचा सूर पुढच्यापेक्षा वेगळा ठेवायचा, आणि समोरचा प्रत्येक माणूस आता वळणार असं धरूनच यायचं. दोघांचा सूर एकच असेल तर ऐकणाऱ्याला एकच गाडी वाटते. शिवाय मोटरसायकल समोरून अरुंद दिसते, त्यामुळे ती आहे त्यापेक्षा लांब आणि सावकाश वाटते. धडधाकट माणूस फसतो, बाबांचं काय घेऊन बसलात.

हे सगळं ठाऊक असून माणसं अशी का चालवतात? ताफ्याच्या कामाची सवय हे एक कारण. ताफ्याबरोबर असताना एक जण चौक अडवतो, ताफा निघून गेला की त्याला सगळ्यांना मागे टाकून पुढचा चौक गाठायचा असतो. तिथे रस्ता मोकळा करून दिलेला असतो, म्हणून वेग चालतो. तीच सवय हाताला लागते आणि मग गर्दीतही तसंच. दुसरं कारण पाठलागाचं. डोळ्यांना फक्त पुढची गाडी दिसते, कडेची माणसं पुसली जातात. मी स्वतः एकदा असा गेलो होतो. परत आल्यावर अधिकाऱ्यांनी विचारलं, वाटेत शाळा होती ती पाहिलीस का? मला शाळा आठवेना.

टवाळखोर, चोराचं म्हणाल तर त्याच्या पुढे वायरलेस पोहोचतो. रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला माणूस उभा करता येतो.

टवाळखोर:
बरं, मागे घेतो. पण कायद्याने त्यांना सूट असतेच ना?

निळा दिवा:
असते, पण बिनशर्त नाही. रस्ते वाहतुकीचा १९६८ चा व्हिएन्ना करार बघा. इशाऱ्याचे दिवे-भोंगे लावून जाणाऱ्या अशा वाहनांना इतर नियमांतून मोकळीक दिली आहे, पण इतरांचा जीव धोक्यात येणार नसेल तरच. लोक पहिला अर्धाच भाग लक्षात ठेवतात. खात्यातलेही.

पायीपायी ताई, तक्रार करणार असाल तर "फार जोरात होते" असं लिहू नका, त्याचं पुढे काही होत नाही. वेळ मिनिटासकट लिहा. कुठून कुठे गेले ते लिहा. दोघांमध्ये किती अंतर होतं, दिवे चालू होते का, तेही लिहा. त्या वेळी त्यांना खरंच कुठे बोलावलं होतं का, याची नोंद नियंत्रण कक्षात असायला हवी. आजूबाजूच्या कॅमेऱ्यांचं चित्रण मागा, आणि लवकर मागा, ते फार दिवस ठेवत नाहीत. आणि एक आठवून सांगा, दुसऱ्याचा सायरन चालू होता का?

पायीपायी:
आज सकाळी पुन्हा तिथे गेले. मास्तरांचे ११ मीटर पावलांनी मोजले. बाबा उभे होते तिथून मागे दुसऱ्या बाकापर्यंतसुद्धा पोहोचत नाहीत. भावाला तिथेच उभं केलं. काही बोलला नाही, पण तक्रार लिहायला तोच बसला.

सायरनचं मी आणि बाबांनी वेगवेगळं सांगितलं. मला दोन आवाज आठवतात. बाबा ठामपणे म्हणतात, एकच होता, आणि तो पुढे निघून गेला म्हणून तर मी पाऊल टाकलं. त्यांच्या कानात यंत्र आहे हे खरं, पण पाऊल त्यांनी टाकलं होतं, मी नाही. तक्रारीत दोन्ही लिहिलंय, कोणी काय ऐकलं ते नावानिशी.

काठीला नवीन बूच बसवलं. जरा मोठं झालंय, चालताना कुईकुई वाजतं.