‘डिलिव्हर्ड’ दाखवतंय, पण पार्सल आलंच नाही : तुमचे अनुभव लिहा

धागाकर्ती

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हल्ली दर चार दिवसांनी तोच मेसेज पडतो : ‘माझं पार्सल चुकून कुणाकडे आलंय का?’ बरीचशी पार्सलं वॉचमनच्या टेबलाखाली किंवा शेजारच्या विंगमधल्या त्याच नंबरच्या फ्लॅटमध्ये सापडतात. जी सापडत नाहीत त्यांचं पुढे काय झालं, पैसे परत आले का, कोणता कागद उपयोगी पडला, हे मात्र कुणी लिहीत नाही. म्हणून हा धागा.

दोन विनंत्या. कंपन्यांची नावं नकोत; ‘अमक्याकडून घेऊच नका’ या वळणावर गाडी गेली की धागा संपला. आणि ‘मी बाई सगळं तुळशीबागेतूनच घेते’ हेही नको, तुमचं बरोबरच आहे.

सुरुवात माझ्यापासून. मिक्सर, पैसे आधीच भरलेले. दुपारी ‘सुपूर्द केले’ असा मेसेज, घरी आई होती, कुणी आलं नाही. चॅटवर जो कोणी बोलत होता त्याचं एकच वाक्य : ‘आमच्या नोंदीनुसार पार्सल ग्राहकास मिळाले आहे.’ नोंद दाखवा म्हटलं की तेच वाक्य पुन्हा. सध्या गाडं इथं अडलंय.

वाकडकर

‘नोंद दाखवा’ एवढ्याने भागत नाही, कोणती नोंद ते सांगावं लागतं. मी लेखी तीन गोष्टी मागितल्या होत्या : डिलिव्हरीचा फोटो, त्या क्षणीचं रायडरचं लोकेशन, आणि ओटीपी घेतला असेल तर तो कधी आणि कोणत्या नंबरवर पाठवला ते. चॅटवाल्याने दाद दिली नाही. मग वेबसाइटच्या अगदी तळाशी बारीक अक्षरात तक्रार निवारण अधिकाऱ्याचा ईमेल असतो, तिथं लिहिलं. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे हा अधिकारी नेमणं आणि त्याचं नाव-संपर्क साइटवर देणं बंधनकारक आहे. तक्रार मिळाल्याची पोच 48 तासांत आणि निवारण महिनाभरात, असं नियमातच आहे. पत्रात नियमाचा उल्लेख केला तेव्हा कुठे फोटो आला.

फोटो बघून हसूच आलं. जाळीचा सेफ्टी डोअर, त्याला अडकवलेली दुधाची पिशवी, खाली हिरवं प्लास्टिकचं शू रॅक. आमच्या अख्ख्या टॉवरमध्ये जाळीचं दार नाही, बिल्डरनेच परवानगी दिलेली नाही. मी आमच्या मजल्यावरच्या चारही दारांचे फोटो काढले, गेटवरच्या ॲपमधली त्या दिवसाची आमच्या फ्लॅटची एंट्री काढली (दूधवाला आणि कामवाल्या मावशी, बस) आणि सगळं एका पीडीएफमध्ये जोडून पाठवलं. पैसे परत आले. खेद वगैरे काही नाही, फक्त ‘रिफंड इनिशिएटेड’.

सीसीटीव्हीचं मात्र त्याच दिवशी बघा. बऱ्याच सोसायट्यांच्या डीव्हीआरमध्ये, म्हणजे रेकॉर्डिंगच्या डब्यात, काही आठवड्यांतच जुन्यावर नवीन रेकॉर्ड होतं. सेक्रेटरी गावाला गेलेत, आल्यावर बघू, यात फुटेज जातं.

हडपसरचा एक

मी काही काळ डिलिव्हरीचं काम केलंय, म्हणून आतली बाजू सांगतो. रागावू नका.

‘डिलिव्हर्ड’ म्हणजे रायडरने मोबाईलवर एक बटन दाबलं, एवढंच. आमच्या हबवर, म्हणजे जिथून पार्सलं उचलतो त्या गोदामात, रात्री पेंडिंग माल परत नेला तर सुपरवायझर बोलायचा, इन्सेंटिव्ह जायचा. मग शेवटची पाच-सहा पार्सलं काही पोरं रस्त्यातच मार्क करायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आधी तीच टाकायची. कॅश ऑन डिलिव्हरीला हे चालत नाही, कारण मार्क केलं की तेवढी रोकड हबवर भरावी लागते. म्हणून हा खेळ प्रीपेडवर जास्त. तुमचं पार्सल संध्याकाळी उशिरा मार्क झालं असेल तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वाट बघा, पण तक्रार आदल्या रात्रीच टाकून ठेवा. पार्सल आलं तर तक्रार बंद करायला दोन मिनिटं लागतात. उशिरा केली तर मात्र ‘तेव्हाच का नाही सांगितलं’ असं विचारतात.

फोटो कंपल्सरी असला की समोर दिसेल त्या दाराचा काढला जातो. वाकडकरांचं शू रॅक त्यातलंच.

आणि दर वेळी रायडरच चोर नसतो. बॅग आमच्या हातात येण्याआधीच कधी कधी माल कमी असायचा. मोजून घ्यायला वेळ देत नाहीत, आणि हरवलं की आमच्या पैशातून कापायचे. मग पोरगं काय करणार, मार्क करून मोकळं होणार. बरोबर नाही, पण असं होतं.

ओटीपीचं एक सांगतो. ‘काका, खाली ट्रॅफिक आहे, ओटीपी सांगा, पार्सल वॉचमनकडे ठेवतो’ असा फोन आला तर सांगू नका. ओटीपी दिला म्हणजे पार्सल मिळालं, असं कंपनी धरते. नंतर कितीही ओरडा.

पेठेतल्या काकू

आमचा वाडा, खाली दुकानं, वर आम्ही. बेल रस्त्यावरून दिसत नाही हे खरं, पण हाक मारली की ऐकू येते. माझी पैठणी पदराची ओढणी ‘शेजाऱ्यांनी स्वीकारली’ असं आलं. शेजारी म्हणजे वह्यापुस्तकांचं दुकान, त्यांनी आख्खं काउंटर उघडून दाखवलं. सहीच्या जागी एक नागमोडी रेघ आणि नाव असं की त्या नावाचं माणूस आमच्या बोळात कधी राहिलेलं नाही.

मी ॲपबिप करत नाही. 1915 ला फोन लावला, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, पैसे लागत नाहीत. मराठीत बोलायची सोय आहे, मी मराठीतच बोलले. ऑर्डर नंबर, रक्कम, तारीख, काय झालं ते चार वाक्यांत. त्यांनी तक्रारीचा नंबर दिला, तो मी कॅलेंडरवर लिहून ठेवला. हेल्पलाइनवाले निकाल देत नाहीत, ते तक्रार कंपनीच्या वरच्या माणसाकडे पोचवतात. आमच्या बाबतीत तेवढं पुरलं. ज्यांनी आठवडाभर ‘मॅम, आम्ही समजू शकतो’ एवढंच म्हटलं, त्यांचाच स्वतःहून फोन आला.

बाणेरहून

माझा मार्ग बँकेचा. महाग फोन, क्रेडिट कार्ड, नो कॉस्ट ईएमआय. विक्रेत्याने हात वर केल्यावर बँकेकडे चार्जबॅक टाकला, म्हणजे कार्डाने गेलेले पैसे विक्रेत्याकडून परत मागायचा अर्ज. फॉर्मवर कारण निवडताना नीट बघा : ‘हा व्यवहार मी केला नाही’ आणि ‘वस्तू मिळाली नाही’ हे दोन वेगळे रकाने आहेत. व्यवहार तुम्हीच केलाय, तेव्हा दुसराच. कॉल सेंटरवरची मुलगी सवयीने पहिला भरत होती, मी थांबवलं. चुकीच्या रकान्यात गेलं तर बँक म्हणते व्यवहार तुमच्या ओटीपीने झालाय, प्रकरण बंद. वर कार्ड ब्लॉक करून नवीन पाठवतात ते वेगळंच.

रक्कम तात्पुरती जमा झाली. मी खुशीत, आणि पुढच्या स्टेटमेंटमध्ये ती परत वजा! विक्रेत्याने डिलिव्हरीचा पुरावा दिला होता. बँकेकडून तो मागून घेतला, तर वजनाच्या रकान्यात जे लिहिलं होतं ते फोनच्या डब्याच्या निम्म्याहूनही कमी. बिलावरचं आणि पुराव्यावरचं वजन शेजारी शेजारी मांडून पुन्हा हरकत घेतली, तेव्हा निकाल माझ्या बाजूने लागला.

तीन गोष्टी कुणी आधी सांगत नाही. वाद चालू असला तरी हप्ता भरत राहा, नाहीतर क्रेडिट स्कोअर तुमचाच पडतो. चार्जबॅकला मुदत असते, तेव्हा कंपनीच्या ‘अजून 72 तास’मध्ये महिने घालवू नका. आणि चार्जबॅक लागला की काही कंपन्या खातंच गोठवतात, वॉलेटमधल्या शिलकीसकट. ती आधी वापरून टाका.

बँकेने तक्रारीला 30 दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. तिथं भांडण बँकेशी असतं, दुकानदाराशी नाही, हे ध्यानात ठेवा.

धागाकर्ती

बाणेरहून, आभार. माझे पैसे यूपीआयने गेलेत. तिथं काय?

बाणेरहून

ॲपमध्ये त्या व्यवहारावर तक्रारीचा पर्याय असतो, नोंदवून ठेवा. पण पैसे योग्य खात्यात पोचलेत, पिन तुम्हीच टाकलाय, त्यामुळे कार्डाइतका जोर त्यात मला तरी दिसला नाही. तुम्ही वाकडकर आणि काकूंचाच रस्ता धरा.

धायरीकर

आमचं प्रकरण जरा वेगळं. बायकोने रीलमधली जाहिरात बघून साडी मागवली. ट्रॅकिंग नंबर आला, रोज पुढे सरकत होता, शेवटी ‘डिलिव्हर्ड’. कुरियरच्या ऑफिसात गेलो. तिथल्या माणसाने नंबर टाकला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली : पिनकोड 411041 आमचाच, पण नाव दुसरं, पत्ता नऱ्ह्याचा. म्हणजे त्याच पिनकोडमध्ये कुणाला तरी किरकोळ काहीतरी पाठवायचं आणि तो नंबर आम्हाला द्यायचा. ट्रॅकिंग खरं, डिलिव्हरीही खरी, फक्त आमची नाही.

इथं ग्राहक तक्रार करून उपयोग शून्य, कारण समोर दुकानच नाही. पेज गायब, नंबर बंद. ही सरळ फसवणूक. 1930 ला फोन करून सायबर तक्रार नोंदवली. लवकर केली तर पुढच्या खात्यातली रक्कम गोठवता येते. आम्ही फॉल-पिकोच्या गप्पांतून उशिरा जागे झालो, तोवर खातं रिकामं. पैसे गेले ते गेलेच.

नारायण पेठ, ग्राहक चळवळीतला

ग्राहक पंचायतीचं काम 1974 मध्ये बिंदुमाधव जोशींनी याच शहरात सुरू केलं, आणि तरी पुणेकर चारोळ्यांसारखी स्टार रेटिंगं लिहून राग काढतात याचं नवल वाटतं. ग्राहक तक्रार आयोगात जा की!

आता घरबसल्या तक्रार दाखल होते. त्यासाठी आधी ई-दाखिल हे सरकारी पोर्टल होतं, 1 जानेवारी 2025 पासून ई-जागृती. वस्तूसाठी मोजलेली किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही. 2019 च्या कायद्याने तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, त्यामुळे कंपनी बंगळुरूची की गुरुग्रामची हा प्रश्न मिटला. मुदत दोन वर्षांची.

लोक कुठे अडतात ते सांगतो. एक, जाबदेणार (ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो) म्हणून फक्त प्लॅटफॉर्मला घालतात. तो येऊन सांगतो, ‘आम्ही मध्यस्थ, माल विक्रेत्याचा.’ विक्रेता म्हणतो, ‘मी पाठवला, कुरियरला विचारा.’ तिघांनाही जाबदेणार करा, एकमेकांकडे बोट दाखवायचं तर आयोगासमोर दाखवू देत. विक्रेत्याचं नाव-पत्ता बिलावर असतो. दोन, नुसते स्क्रीनशॉट. इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर प्रमाणपत्र जोडावं लागतं. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम 65 ब होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 63 आहे. स्क्रीनशॉटवर तारीख-वेळ दिसू द्या, आणि चॅट कापून नका देऊ, पूर्ण द्या. तीन, मानसिक त्रासापोटी वाट्टेल ती रक्कम मागतात. आठशेच्या इअरफोनला 5 लाखांची भरपाई लिहिलेला अर्ज मी पाहिलाय. बाकीची खरी तक्रारही त्याने हलकी होते.

वेळ लागतो, खोटं बोलणार नाही. जाबदेणाऱ्याला लेखी म्हणणं द्यायला 30 दिवस आणि फार तर आणखी 15 मिळतात. कायदा म्हणतो, साधं प्रकरण तीन महिन्यांत निकाली निघावं. प्रत्यक्षात तारखा पडतात. पण पुष्कळदा नोटीस पोचली की कंपनीचा तडजोडीचा फोन येतो. तडजोड केलीत तर पैसे खात्यात येईपर्यंत तक्रार मागे घेऊ नका.

प्रभात रस्ता

मी पलीकडच्या बाजूचा. दुसऱ्याचं पार्सल माझ्या दारात पडलं होतं. आमच्याकडे गल्ल्यांना नंबर, त्यात बंगल्यांना नंबर, आणि बंगल्याची सोसायटी झाली की तिसरा नंबर. रायडर तरी काय करणार! पत्ता गल्ली 4 चा, मी 14 मध्ये.

कंपनीला कळवायला गेलो तर ‘मला दुसऱ्याचं पार्सल मिळालं’ असा पर्यायच नाही. ‘आपली ऑर्डर निवडा.’ अहो, माझी ऑर्डरच नाही! लेबलवरचा फोन नंबर ताऱ्यांनी झाकलेला. वॉचमन म्हणाला, राहू द्या साहेब, येईल कुणीतरी. कोण येणार? त्या बिचाऱ्यांना तर ‘तुम्हाला मिळालंय’ असंच सांगत असणार.

संध्याकाळी फिरायला जाताना स्वतःच नेऊन दिलं. बाईंनी दार अर्धवट उघडलं, पार्सल बघितलं, मला बघितलं आणि म्हणाल्या, ‘ओटीपी मी देणार नाही हं, आधी उघडून बघणार.’ उघडून बघितलं. आत मुलाचं कंपासचं सामान होतं, आणि त्यांची तक्रार कंपनीने सकाळीच ‘निवारण झाले’ म्हणून बंद केली होती.

धागाकर्ती

अधिकाऱ्याला ईमेल केला, वाकडकरांच्या तिन्ही मागण्या तशाच उतरवून. पोच आलीय. फोटोही आलाय, त्यात दारच नाही, नुसता जिना आणि एक कुंडी. आमच्या इमारतीतल्या कुंड्यांचे फोटो काढायला जातेय.