मदत हवी आहे : नदीत सापडलेले दगड, जीवाश्म आहेत का?

पाटीलवाडा
नमस्कार मंडळी. पूर ओसरल्यावर नदीत तीन दगड मिळाले. एकावर पट्टे आहेत, मागून टॉर्च लावला की उजेड आरपार येतो. दुसऱ्यावर नेच्याच्या फांदीसारखा काळा ठसा आहे, तो जीवाश्मच असणार. तिसरा दाढेसारखा दिसतो, मला खरं तर त्याचंच हवंय. मोबाइलमधलं ॲप दर वेळी वेगळं उत्तर देतं. नक्की माहीत असेल त्यांनी लवकर सांगा, घरचे उकिरड्यावर टाकायला निघालेत. फोटो चढत नाहीयेत.

काळी_कसदार
कोणती नदी भो? तापी, वाघूर, पांझरा, अनेर, बोरी... खानदेशात एक आहे का?

पाटीलवाडा
गिरणा, भडगावच्या अलीकडे. नदीचा काय संबंध? दगडांचं सांगा ना.

भूस्तर
संबंध आहे. आपल्या भागातला खडक म्हणजे साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, बेसॉल्ट. उकळत्या लाव्हात हाडं-पानं टिकत नाहीत. तुमचा पट्टेवाला दगड अकीक दिसतोय. लाव्हातल्या वायूच्या पोकळ्यांत सिलिका थरावर थर साचून तो बनतो. चाकूच्या टोकाने ओरखडा उठत नसेल तर तोच. नेच्यासारखा ठसा म्हणजे डेंड्राइट. भेगेत मँगनीजचं पाणी झिरपलं की अशी झाडं उमटतात. खऱ्या पानाला मधली शीर असते, ती दिसते का बघा.

पाटीलवाडा
शीर नाही. पण ठसा इतका हुबेहूब आहे की पटत नाही.

श्रद्धा_एरंडोल
काळा, गुळगुळीत, गोल दगड मिळाला असेल तर फेकू नका. तो शाळिग्राम असतो. पंचामृताने धुऊन देव्हाऱ्यात ठेवा, रोज तुळस वाहा.

भूस्तर
ताई, शाळिग्राम नेपाळातल्या गंडकीचे. त्यांत अमोनाइट नावाच्या सागरी जीवाचे ठसे असतात. गिरणेत ते कुठून येणार?

श्रद्धा_एरंडोल
आमच्या देव्हाऱ्यातला आजेसासूबाईंनी तापीतून आणलाय, चार पिढ्या पूजा होतेय. पूजेला कोणी ठसे बघत नाही.

पाटीलवाडा
काळा गोल दगड माझ्याकडे नाहीच! दाढेचं सांगा कोणीतरी.

जुना_वाडा
सोपं आहे. दाढ कोरडी करून जिभेला लावा. चिकटली तर हाड, नाही तर दगड. मी शेतात मिळालेलं हाड असंच ओळखलं.

काळी_कसदार
चुनखडीसुद्धा जिभेला चिकटते. त्यापेक्षा संडास धुवायचं ॲसिड एक थेंब टाका, फेस आला तर चुनखडी, विषय संपला.

भूस्तर
ॲसिड अजिबात नको! आपल्या गाळातल्या हाडावर चुन्याचं कवच चढलेलं असतं, तेही फसफसतं, आणि खालचं हाड खराब होतं. घासूही नका. पाटील, एवढं सांगा: वजन कसं आहे, रंग कोणता, चावायच्या बाजूला घड्या दिसतात का? आणि वाळूत सुटी मिळाली की दरडीत रुतलेली होती?

पाटीलवाडा
दरडीतच होती, पिवळ्या मातीखाली गोट्यांचा थर आहे त्यात. आकाराच्या मानाने बरीच जड. तपकिरी. वर चंद्रकोरीसारख्या घड्या आहेत, कडेला चकचकीत. हे आधी कोणी विचारलंच नाही.

काळी_कसदार
गाय-बैलाची असेल. पोळ्याला सजवलेला बैल मेला की इकडे नदीतच टाकतात.

भूस्तर
बैलाच्या कुळातली असू शकते, घड्यांवरून तसंच वाटतं. पण ताजी दाढ पांढरट आणि हलकी असते. तुमची जड, तपकिरी आणि गोट्यांच्या थरातून निघालेली आहे. तो गाळ लाव्ह्यापेक्षा फार अलीकडचा, त्यात प्राण्यांची हाडं टिकू शकतात. म्हणून ही गोष्ट मी हसण्यावारी नेणार नाही.

जुना_वाडा
चाळीसगावजवळ पाटणे इथे शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी निघालेत, अश्मयुगातले. म्हणजे खानदेशात शहामृग होते! आणि गिरणेवरच बहाळला ताम्रपाषाणयुगाची वस्ती खणून काढली. आमच्या पोरांना शाळेत यातलं एक अक्षर शिकवत नाहीत.

श्रद्धा_एरंडोल
शहामृग कुठे आणि खानदेश कुठे! पाटणादेवीला कितीदा गेले, कोणी बोललं नाही.

भूस्तर
शहामृगांचं खरं आहे ताई. पण पाटील, आता पुढचं. त्या थरातून आणखी काही काढू नका, काढलं की वय ठरवायचा आधार जातो. दाढेशेजारी नाणं ठेवून चारही बाजूंनी फोटो घ्या. दरडीचा फोटो लांबून घ्या, माणूस उभा करून. मग पुण्याच्या डेक्कन कॉलेजला दाखवा, तिथे प्राचीन प्राण्यांच्या हाडांवर काम होतं.

काळी_कसदार
मी तरी म्हणतो बैलच. फोटो आले की बघू.

पाटीलवाडा
त्याच ठिकाणी वाळूचे ट्रॅक्टर लागतात, दरड महिनाभर टिकेल असं वाटत नाही, म्हणून घाई आहे. दगड घेऊनच पुण्याला जावं लागतं की आधी फोटो पाठवून चालतं? ज्यांनी स्वतः दाखवलंय त्यांनीच सांगा.