मदत हवी आहे: फायरवॉल बंद केली तरी जीएसटीची सही होत नाही, प्रिंटरही ऑफलाइन

नमस्कार मंडळी,

मी घरूनच जीएसटी, टीडीएसची कामं करते. आज १८ तारीख, २० ला एका कंपनीचं थ्री-बी (जीएसटीचं महिन्याचं रिटर्न) भरायचंय आणि नेमका आत्ताच कॉम्प्युटर रुसून बसलाय.

झालं असं की रविवारी भाचा आला होता. "मावशी, तू लोकांचे पासवर्ड सांभाळतेस आणि मशीनवर धड फायरवॉल नाही?" असं म्हणून त्याने एक फुकटातली फायरवॉल (नेटवरून काय आत-बाहेर जाऊ द्यायचं ते ठरवणारा प्रोग्रॅम) टाकून दिली आणि संध्याकाळच्या एसटीने गेला. (फायरवॉलचं नाव लिहीत नाही, चूक माझीही असू शकते.) तो गेला आणि कोपऱ्यात चौकटी उगवायला लागल्या. अमुक प्रोग्रॅमला नेटवर जायचंय, जाऊ देऊ? तमुक कनेक्शन ऐकतोय, ऐकू देऊ? मी एकीकडे कुकरच्या शिट्ट्या मोजत होते, एकीकडे अलाउ, ब्लॉक, अलाउ दाबत होते. कशाला काय दाबलं, देवाला ठाऊक.

आता इंटरनेट, मेल, बँक, सगळं व्यवस्थित चालतं. पण पोर्टलवर डिजिटल सही करायला गेलं की सर्व्हरशी संपर्क होत नाही, एमसाइनर पुन्हा चालू करा, असा मेसेज येतो. (एमसाइनर म्हणजे सही करणारा प्रोग्रॅम.) एमसाइनर चारदा चालू केला, रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर करूनही पाहिला. सहीचं टोकन (यूएसबीत लावायची ती काडी) ठीक आहे, यजमानांच्या लॅपटॉपवर दिसतं. शिवाय वायफायवरचा प्रिंटर ऑफलाइन दाखवतो, मोबाइलवरून मात्र प्रिंट निघते. घड्याळाजवळच्या चिन्हावर राइट क्लिक करून फायरवॉल एक्झिट केली, काही फरक नाही.

कंपनी प्रायव्हेट लिमिटेड आहे, त्यामुळे ओटीपीने भागत नाही, सहीच लागते. उशीर झाला तर रोजचे ५० रुपये लेट फी आणि क्लायंटची बोलणी. विंडोज १० आहे. कुणीतरी मार्ग सांगा.

प्रतिसाद १

ताई, सरळ उचलून फेका ती फायरवॉल. विंडोजची स्वतःची आहे की! एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ पासून, म्हणजे २००४ पासून ती आपोआप चालू असते. घरच्या मशीनला तेवढी पुरते.

प्रतिसाद २

वरच्यांचं म्हणणं खरं आहे, पण ताई, आज काढू नका. २१ तारखेला काढा. या फायरवॉल नेटवर्क कार्डाच्या रस्त्यात स्वतःचा ड्रायव्हर (येणं-जाणं तपासणारा छोटा प्रोग्रॅम) बसवतात. अनइन्स्टॉल अर्धवट झालं, तर तो मागे राहतो आणि मग आहे ते नेटही जातं. माझ्या सासऱ्यांच्या मशीनवर हे निस्तरण्यात एक अख्खा शनिवार गेलाय.

एक्झिट केल्याने बहुतेक वेळा फक्त खिडकी बंद होते. पहारेकरी, म्हणजे सर्व्हिस (पडद्याआड चालणारा भाग) आणि तो ड्रायव्हर, जागेवरच असतात.

आता सहीचं. पोर्टलचं पान ब्राउझरमध्ये असतं, पण सही करतो तुमच्याच मशीनवरचा एमसाइनर. पान त्याला १२७.०.०.१ या पत्त्यावर, १५८५ नंबरच्या पोर्टवर, म्हणजे दारावर, हाक मारतं. १२७.०.०.१ म्हणजे आपलंच मशीन. हाक घरातल्या घरातच आहे, पण काही फायरवॉल तीही अडवतात. म्हणून बाहेरचं नेट छान आणि सही ठप्प.

दोन गोष्टी बघून सांगा. एमसाइनर चालू ठेवून कमांड प्रॉम्प्टमध्ये नेटस्टॅट, स्पेस, डॅश, एएनओ टाका. यादीत १५८५ पुढे लिसनिंग, म्हणजे हाकेकडे कान लावून बसलाय, असं दिसतं का? आणि प्रिंटरच्या पॅनेलवर त्याचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, असेल, तो पिंग करा, म्हणजे हाक मारून उत्तर येतं का बघा.

धागाकर्ती

१५८५ पुढे लिसनिंग आहे. राउटर, म्हणजे १९२.१६८.१.१, पिंगला उत्तर देतो. प्रिंटर १९२.१६८.१.७ आहे, त्याला चारही वेळा रिक्वेस्ट टाइम्ड आउट.

प्रतिसाद २

म्हणजे एमसाइनर जागा आहे, वाटेत कुणीतरी दार लावलंय. फायरवॉल उघडा आणि लॉग बघा. ब्लॉक्ड इव्हेंट्स किंवा तशाच नावाचं पान असेल. सहीचं बटण दाबा आणि लगेच यादीत वर कोण येतं ते सांगा. यादीत एमसाइनरचं नाव शोधत बसू नका. तो जावा नावाच्या दुसऱ्या प्रोग्रॅमवर चालतो, तेव्हा जावाचं नाव दिसू शकतं.

दुसरं, पहिल्याच दिवशी नेटवर्क घरचं की सार्वजनिक, असं विचारलं असेल. काय निवडलंत?

धागाकर्ती

अहो, सापडलं! जावाडब्ल्यू डॉट ईएक्सई, ब्लॉक्ड, आणि समोर नियम: युजरने तयार केला, रविवार, रात्री ८ वाजून १२ मिनिटं. तो युजर म्हणजे मीच. हे कसलं विचित्र नाव, व्हायरस असेल, म्हणून ब्लॉक दाबलं आणि 'माझं उत्तर लक्षात ठेव' वर टिकही केली. फायरवॉलने इमानेइतबारे लक्षात ठेवलं.

नेटवर्क सार्वजनिक निवडलं होतं. भाचा म्हणाला, तेच सगळ्यात सुरक्षित.

प्रतिसाद २

भाचा रेल्वे स्टेशनच्या वायफायपुरता बरोबर आहे. सार्वजनिक म्हटलं की फायरवॉल शेजारच्या सगळ्या उपकरणांना परकं समजते, त्यात तुमचा प्रिंटरही आला. ते घरचं करा.

जावाचा नियम डिलीट करा, एमसाइनर बंद करून पुन्हा चालू करा. चौकट परत येईल, तेव्हा फाइल कुठल्या फोल्डरमधली आहे ते वाचा आणि मगच अलाउ. मात्र जावाला सरसकट मोकळीक नको, तिच्या आडून दुसराही प्रोग्रॅम चालू शकतो. नियमात पत्ता १२७.०.०.१ एवढाच ठेवा.

धागाकर्ती

सही झाली! एआरएनही (पोचपावतीचा नंबर) आला. रात्रीचे साडेअकरा वाजलेत, यजमान झोपलेत, म्हणून पहिली बातमी तुम्हालाच. प्रिंटही निघाली. फक्त प्रिंटरवरचं स्कॅनचं बटण दाबलं की कॉम्प्युटर सापडत नाही म्हणतो. पूर्वी सापडायचा.

प्रतिसाद २

अभिनंदन. प्रिंट काढताना आपण प्रिंटरकडे जातो. ते बटण दाबलं की प्रिंटर आपल्याकडे येतो, आणि बाहेरून येणाऱ्याला फायरवॉल वेगळी परवानगी मागते. आज रात्री त्यात पडू नका. कॉम्प्युटरवरून स्कॅन सुरू करून बघा, चालेल.

धागाकर्ती

चाललं. प्रतिसाद १ वाले दादा, तुमचा सल्ला २१ तारखेला अमलात आणते. काढताना तो मागे राहणारा ड्रायव्हर कुठे बघायचा, तेवढं कुणीतरी लिहून ठेवा. भाच्याला विचारणार नाहीये.